मास्तरांचा पिंजरा

बदली झाली की माणसाला सामान हलवावं लागतं, मुलीची शाळा हलवावी लागते, सिलिंडर हलवावा लागतो आणि या सगळ्याआधी बायकोचं मन हलवावं लागतं. एवढं मला अनुभवाने ठाऊक होतं. कुत्रा हलवायला काय लागतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पिंजरा लागतो. हे मला स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं. कुत्रा गार्डच्या डब्यातून जाणार, पिंजऱ्यात बसून जाणार. पिंजरा असा हवा की कुत्र्याला आत उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय ताणून झोपता यावं. शिवाय प्राण्यांच्या डॉक्टरचा दाखला हवा, की सदर प्राण्यास पिंजऱ्यात शांत बसण्याची सवय आहे. मी विचारलं, सवय नसेल तर कशी लावायची? तो म्हणाला, ते कुत्र्याला विचारा, आणि त्याने पुढच्या माणसाचा कागद घेतला.

आमचा कुत्रा खरं तर आमचा नव्हता. तो बायकोच्या मामांचा. मामा एकटे राहायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, मुलाने त्यांना आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर नेलं, आणि कुत्रा ‘थोडे दिवस’ म्हणून आमच्याकडे आला. नाव मास्तर. वय आठ, रंग विटकरी, हनुवटीला पांढरी दाढी, आणि समोरच्याकडे बघण्याची तऱ्हा अशी की आपलं गणित चुकलंय असं आपल्यालाच वाटावं. भुंकायचा नाही, चावायचा नाही. आमच्या घरात ठाम स्वभाव असलेला तो एकटाच.

बायकोने मला शांतपणे सांगितलं, की मामांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, हे एक मागितलंय. मास्तर येणार नसेल तर तुम्ही पुढे जाऊन रुजू व्हा, आमचं आम्ही बघू. आमची लेक वय वर्षं अकरा. तिने स्वतःची बॅग भरून कुत्र्याच्या ताटलीशेजारी ठेवली. ती जाण्याची बॅग होती की न जाण्याची, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

हाताशी तीन आठवडे होते. मी वेल्डरकडे गेलो. त्याने माप मागितलं. मी घरी येऊन शिंप्याच्या टेपने कुत्रा मोजला. तेव्हा प्रश्न आला, शेपूट धरायचं की नाही? पार्सल ऑफिसला फोन केला. कारकून म्हणाला, शेपटाबद्दल परिपत्रकात काही नाही. मग उंची कानांसकट धरायची की कानांशिवाय? मास्तरचे कान नेहमी खाली असतात, पण घंटा वाजली की वर जातात, आणि स्टेशनवर घंटा वाजणार हे उघड होतं. तेव्हा मी कान धरले, शेपूट धरलं, वर एक वीत सढळ हाताने दिली. वेल्डरनेही, साहेबांचा कुत्रा आहे, म्हणून आपल्याकडून एक वीत घातली.

पिंजरा टेम्पोतून आला. दोघांनी उचलून दारापर्यंत आणला आणि दारात तो अडकला. आडवा केला, उभा केला, तिरका केला. शेवटी वेल्डरने आमच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवलं. पिंजरा आत आला. पुढे तो बाहेरही न्यायचा होता, म्हणून वेल्डर म्हणाला, दार आता कशाला बसवायचं? ते त्याक्षणी मला पटलं. त्यानंतर अठरा दिवस आम्ही बिनदाराच्या घरात राहिलो. सोफा गॅलरीत गेला. बाहेरच्या खोलीत फक्त पिंजरा मावला, आणि आम्ही भिंतीला लागून आडवे चालायला शिकलो.

सवय लावण्यासाठी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक छापील कागद दिला होता. पहिल्या दिवशी खाणं पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवा. मग थोडं आत. दार उघडं राहू द्या. ओढू नका, ढकलू नका, शिक्षा म्हणून कधी आत घालू नका. कुत्रा आपल्या मनाने आत बसू लागला की दार क्षणभर लावा, मग थोडा जास्त वेळ. पिल्लांना फार वेळ ठेवू नका. मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत धीर धरा, कारण त्यांची मतं बनलेली असतात.

मास्तरची मतं पक्की बनलेली होती. पहिल्या दिवशी त्याने तोंडाशी ठेवलेलं खाणं खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी ताटली वीतभर आत सरकवली, तर त्याने चारही पाय बाहेर ठेवून मान लांब केली. त्या वयात एवढी मान लांब होते हे मला नवीन होतं. तिसऱ्या दिवशी ताटली पार मागच्या भिंतीला लावली. मास्तरने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन पायपुसण्यावर पडला. उपाशीच झोपला म्हणून मला अपराधी वाटत होतं. लेक त्याला स्वयंपाकघरात अंडं-पाव भरवते हे मला आठवड्यानंतर कळलं.

मी मात्र दिवसभर एकच धोशा लावला होता. मास्तर, आत जा. मास्तर, बिस्किट पाहिजे ना? मग गुपचूप आत हो. ऐकतोस की नाही, मास्तर? घराला दार नव्हतं हे मी विसरलो होतो. आमच्या खालच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना सगळी इमारत चाळीस वर्षं मास्तर म्हणते, हेही मी विसरलो होतो. तिसऱ्या संध्याकाळी ते वर आले, जिथे दार असायला हवं होतं तिथे थांबले, आणि माझी त्यांच्याविषयी काही तक्रार आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी खुलासा केला. कुत्र्याला त्यांचंच नाव आहे हे त्यांना फारसं रुचलं नाही, पण समोर एक विद्यार्थी शिकत नाहीये म्हटल्यावर त्यांचा पाय निघेना. त्यांनी वेळापत्रक आखून दिलं. अकरा ते पाच साठ पोरं एका खोलीत बसवलेला माणूस मी, ते म्हणाले, एका कुत्र्याचं काय घेऊन बसलात? वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी ते वेळापत्रक वाचलं आणि बाद केलं. त्यांच्या मते कुत्र्याला माणसाचा वास हवा. त्यांनी माझे तीन वापरलेले बनियन पिंजऱ्यात अंथरायला लावले आणि वर जुनी चादर टाकायला सांगितली. खालचे मास्तर म्हणाले, उजेडाशिवाय अभ्यास होत नाही, आणि चादर काढली. पंधरा दिवस ती चादर कधी पिंजऱ्यावर असायची, कधी नसायची. बनियन आतच होते. माझ्याकडे एकूण चार आहेत. त्या पंधरवड्यात मी कोरडा बनियन घालून कचेरीत किती वेळा गेलो, ते सांगण्यासारखं नाही.

मग खालच्या मास्तरांनी शेवटचं तत्त्व सांगितलं. शिक्षकाने आधी स्वतः करून दाखवावं.

मला हे त्या वेळी फार खोल वाटलं. बायको बाजारात गेली होती, लेक शाळेत होती. मी रांगत आत गेलो, वळलो, पाय ताणून पडून दाखवलं. पार्सल ऑफिसचे सगळे नियम मी पूर्ण करत होतो. मास्तर पायपुसण्यावरून बघत होता. खालचे मास्तर म्हणाले, उत्तम, आता दार लावून दाखवू, आणि त्यांनी दार लोटलं. वेल्डरने मजबुती म्हणून खटका असा बसवला होता की तो आपोआप पडे आणि बाहेरून दाबून फिरवल्याशिवाय निघत नसे. खालच्या मास्तरांना चष्म्याशिवाय खटका दिसेना. ते चष्मा आणायला खाली गेले. खाली त्यांना कुणाचा तरी फोन आला असावा.

मी पाऊण तास आत होतो. पहिली पाच मिनिटं मला राग आला, पुढची दहा लाज वाटली, आणि मग, खोटं कशाला सांगू, थोडी डुलकी लागली. जागा झालो तेव्हा समोर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. दाखला देण्याआधी त्या कुत्र्याची प्रगती बघायला यायच्या होत्या. त्या दिवशी लवकर आल्या, आणि अडवायला दार नव्हतं. त्यांनी पिंजऱ्यात मला पाहिलं, बाहेर कुत्र्याला पाहिलं, आणि टिपणवही काढून विचारलं, “किती वेळ झाला?”

“पाऊण तास असेल.”

“शांत आहात,” त्या म्हणाल्या. “पण दाखला कुत्र्याचा हवाय ना?”

त्यांनी खटका फिरवून मला सोडवलं आणि चार दिवसांनी पुन्हा येते म्हणाल्या. निघण्याला पाचच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत मुदतवाढीचा अर्ज दिला. तो दुपारीच परत आला. वर लाल शाईत शेरा होता: ‘रुजू होण्यास विलंबासाठी श्वान हे कारण ग्राह्य धरता येत नाही.’ साहेबांनी बोलावून घेतलं आणि फार मायेने विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना, कारण त्यांच्या कानावर असं आलं होतं की मला पिंजऱ्यात ठेवतात. ही बातमी कचेरीपर्यंत कोणी नेली हे मी आजवर शोधतो आहे. मी म्हणालो, मी स्वतःहून गेलो होतो. त्याने प्रकरण सुधारलं नाही.

संध्याकाळी खालचे मास्तर आले आणि त्यांनी कुत्रा ठेवून घ्यायची तयारी दाखवली. नावाचं काहीतरी करता येईल, म्हणाले. बायको उठून आत गेली. लेक तर आधीच आत होती. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बसलो. मास्तर उठून आला, माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसला आणि त्याने डोळे मिटले. दोन महिन्यांत त्याने असं कधी केलं नव्हतं. मला एकदम वाटलं, की याला कळलंय. आणि पाठोपाठ वाटलं, की याला काहीच कळलेलं नाही, आणि हे जास्त वाईट आहे.

मामांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी फोन केला. पिंजरा, दाखला, सगळं सांगितलं. म्हटलं, काही केल्या आत जात नाही हो.

“तुम्ही त्यांना म्हणता काय?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मामा भाचीबद्दल विचारताहेत. म्हणालो, तिला काय म्हणणार, ती माझ्याशी बोलतच नाहीये.

“तिला नाही. मास्तरांना.”

“आत जा म्हणतो.”

“जा?” मामा म्हणाले. “अहो, आठ वर्षं ते माझ्याकडे पिंजऱ्यातच झोपलेत. लोखंडी होता, खिडकीखाली. मी एकटा माणूस. दिवसभर बोलायला दुसरं कोण होतं मला? मी आपलं म्हणायचो, या मास्तर, बसा. की बसायचे.”

हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. मामांना त्याचं नवल वाटलं. तुमच्याकडे नीट बोलत असाल असं मी धरून चाललो होतो, ते म्हणाले.

मी फोन ठेवला. मास्तर चपलेवरच होता. घरात कुणी बघत नाही याची खात्री केली, कारण वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस हे काय करतो आहे असं कुणालाही वाटलं असतं. घसा साफ केला आणि म्हणालो, “या मास्तर, बसा.”

मास्तर उठले. शांतपणे पिंजऱ्यात गेले, एक गिरकी घेतली, माझ्या बनियनवर बसले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इतके दिवस लागले तुम्हाला. त्याच वेळी जिन्यातून “आलो आलो” ऐकू आलं. खालचे मास्तर वर आले आणि खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत कुणी त्यांना नीट बोलावलं नव्हतं, असं ते नंतर नर्सबाईंना म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी ठरल्या दिवशी येऊन दोनदा करायला लावलं, पिंजऱ्याचं दार लावून अर्धा तास थांबल्या आणि दाखला लिहिला: ‘मान दिल्यास पिंजऱ्यात शांत बसतो.’ पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने तो तीनदा वाचला. “मान कुणी द्यायची?” त्याने विचारलं. “यात कापाकापी आहे का काही?” मी म्हणालो, ती मान नव्हे, आदर. तो म्हणाला, मग तसं लिहायला हवं होतं, आणि माझ्या समोर करून दाखवा. त्याने स्वतः आधी करून पाहिलं. चल रे, म्हणाला. मास्तर फलाटाकडे बघत राहिले.

मला निरोप द्यायला कचेरीतले आठजण आणि साहेब स्वतः आले होते. त्यांच्या देखत मी वाकलो आणि म्हणालो, या मास्तर, बसा. मास्तर बसले. साहेब हलकेच म्हणाले, सहा वर्षांत तुमचा हा सूर आम्ही ऐकला नव्हता.

गार्डचा डबा शेवटी, आमचा पुढे. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात तिकडे पोचून परत येणं माझ्या वयाला झेपणारं नव्हतं. दिवसभर लेक खिडकीतून डोकं काढून मागे बघत होती, आणि बायको तिचं डोकं आत ओढत होती. दिवस कलता कलता आम्ही उतरलो आणि तिघंही फलाटावरून मागे पळालो.

पिंजऱ्यात तीन कुत्री होती.

मी डोळे चोळले. मास्तर होतेच. त्यांच्या पोटाला चिकटून दोन काळी-पांढरी पिल्लं झोपली होती. मूठभर मूठभर. गार्ड अवघडून उभा होता. त्याने सांगितलं, की मधल्या कुठल्याशा स्टेशनावर सामान चढवताना कुणीतरी एक टोपली आत सरकवून दिली. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. गाडी हलली तसं टोपलीतून रडणं सुरू झालं. टोपलीचा तळ गेलेला होता. पिल्लं बाहेर पडून डबाभर धडपडू लागली. तेव्हा तुमच्या या म्हाताऱ्याने आतून दाराला पंजा मारला, गार्ड म्हणाला. मी खटका काढला, तर ती आपली आपण आत गेली आणि गप्प झाली. मी परत लावून टाकला.

आपल्या मनाने पिंजऱ्यात जाणं मास्तरांना शिकवायला मला आठवडे लागले होते, ते पिल्लांचं एवढ्यात झालं होतं. पण मला त्याचा विचार करायला कुणी सवड दिली नाही. लेक पिंजऱ्यासमोर मांडी ठोकून बसली होती, आणि बायकोने एकच वाक्य म्हटलं: “या पिल्लांना सोडून कोण जाणार आता?”

इथल्या पार्सल खिडकीवर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पावती पाहिली, पिंजरा पाहिला. पावतीवर एक नग, त्या म्हणाल्या, आणि पिंजऱ्यात तीन. मी टोपलीची हकीकत सांगितली. गार्डने मान डोलावली. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे दोन नग बेवारस, त्या म्हणाल्या. बेवारस माल गोदामात जातो. तीस दिवस राहतो. त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. आत छत्र्या, एक सायकल, पेट्यांवर पेट्या आणि एक पिवळा दिवा दिसत होता.

लेकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी नियमाचा माणूस आहे. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासून चुकीच्या ठिकाणी लाल खूण करणं हे माझं काम. मी विचारलं, दुसरा काही रकाना नाही का? बाईंनी एक जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या.

“एक आहे. प्रवासात जन्मलेली पिल्लं. ती आईच्या पावतीवर जातात.”

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या दाढीकडे पाहिलं. मग फार अवघडून, आवाज खाली आणून म्हणालो, “बाई, पण तो... ते नर आहेत.”

“मला डोळे आहेत,” बाई म्हणाल्या. “रकान्याला नाहीत. सही करता का?”

गार्ड कंदिलाची काच पुसायला लागला. बायको वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत होती. माझ्या हातात पेन कुणी दिलं आठवत नाही. मी लिहिलं: पिल्लं दोन, सुखरूप. आईचं नाव: मास्तर. वडिलांच्या नावापाशी माझा हात थांबला. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, तिथे रेघ मारा, बहुतेक जण रेघच मारतात. मी रेघ मारली. सही केली. माझ्या सहीखाली आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी साफ खोटं होतं, आणि मला वाईट का वाटत नाहीये हे मला समजेना.

बाईंनी शिक्का मारला. लेकीने दोन्ही पिल्लं कुशीत घेतली. मास्तर पिंजऱ्यातून बाहेर आले, अंग झाडलं आणि खिडकीसमोर बसले. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं.

“बाळंतीण चालत जाईल,” त्यांनी मला विचारलं, “का हातगाडी सांगू?”

मी मास्तरांकडे बघितलं. ते दरवाजाकडे निघाले होते.

“जातील चालत,” मी म्हणालो.